लाल दिसला म्हणजे पळस नव्हे

डिचोली, गोवा

चि. सोनूस,


तू पाठवलेला झाडाचा फोटो पाहिला. मोपा विमानतळाकडे जाताना चालत्या गाडीतून काढलेला, त्यामुळे फुलं म्हणजे नुसते लाल ठिपके. तरी फांद्यांच्या टोकांना पसरलेले तुरे ओळखू येतात. बाळ, तो पळस नाही, पांगारा आहे.

शिगम्याच्या सुमारास पळस, पांगारा आणि सावर तिन्ही झाडं पानं गाळून फुलतात. रंगावर जाशील तर फसशील. ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हणही कामाची नाही. पांगाऱ्यालाही त्रिदळच असतं, आणि फुलायच्या वेळी दोघांच्याही फांद्या बोडक्या असतात.

म्हणून गाडीतून उतरायचं आणि खाली पडलेलं फूल उचलायचं. झाडावरचं तोडू नकोस, त्यातल्या मधावर शिंजीर, साळुंक्या, बुलबुल येतात. पाकळ्यांआधी देठाजवळचा पेला बघ. पळसाचा पेला काळपट तपकिरी, मखमली. बोट फिरवलंस की लव जाणवते. केशरी पाकळ्यांच्या पाठीवरही बारीक रुपेरी लव असते आणि एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. माझ्या मते पळसाची पक्की खूण म्हणजे ही लव.

पांगाऱ्याची पाकळी गुळगुळीत, गडद लाल. एकच मोठी, बाकीच्या अगदी लहान, आणि केसर बाहेर आलेले. पेला एका बाजूने चिरलेला. फांदीवर बारीक काळे काटे दिसतील. पळसाला काटा नसतो. पांगाऱ्याची फांदी रोवली की रुजते, म्हणून लोक ती कुंपणाला लावतात, कुळागरात मिरवेलही त्यावर चढवतात.

सावर सोपी. पाच जाड पाकळ्या, मध्ये केसरांचा झुबका, आणि फूल अख्खंच्या अख्खं धप्पकन पडतं. कोवळ्या खोडावर जाड शंकूसारखे काटे असतात, पण जुन्या बुंध्यावरचे बरेचसे झडतात; काटे दिसले नाहीत म्हणून सावर नाही असं ठरवू नकोस.

लाल फुलांमुळे गुलमोहर आणि पिचकारीही फसवतील, पण गुलमोहर मादागास्करचा, पिचकारी आफ्रिकेची. माणसांनी लावलेली ही झाडं आपल्या रानातली नव्हेत. पिचकारी तर भरल्या पानांत फुलते.

फुलं सरली तरी शेंगा सांगतात. पळसाची चपटी, टोकाला एकच बी. पांगाऱ्याची दोन बियांमध्ये आवळलेली. सावरीचं बोंड उकललं की कापूस उडतो.

पुढच्या वेळी खोडाचा आणि फुलाच्या पेल्याचा असे दोन फोटो जवळून काढ, आणि कुठल्या गावातलं झाड तेही लिही.

तुझे आजोबा