पुरे झाले, असे सांगणारा सेवक

शास्त्रभाग : निर्गम ३६:२-७, लूक १४:२८-३०



सवाई जयसिंह महाराजांनी १७२७ साली जयपूर नगराचा पाया घातला. त्याच्या आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. योजना नऊ चौकोनांची होती. पण वायव्येच्या कोपऱ्यात नाहरगडाचा डोंगर आडवा आला, म्हणून तेथील चौकोन पूर्वेच्या बाजूस हलवण्यात आला, असे नगररचनेचे अभ्यासक सांगतात. पुढे मुंबईचे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी जयपूरच्या जवाहर कला केंद्राची रचना करताना नऊ चौकोनांपैकी एक मुद्दाम सरकवून ती आठवण जपली. डोंगराशी हट्ट केला नाही, आणि नऊ चौकोनांचे दहाही केले नाहीत. एकीकडे वाढले, तर दुसरीकडे कमी झाले, आणि हा हिशेब सर्वांना दिसेल असा उघडपणे मांडला गेला.

आता याच शहरात, घरापासून दूर, एखाद्या संगणकाच्या कचेरीत नोकरी करणारा आपल्या मंडळीतील तरुण डोळ्यांसमोर आणा. सहा महिन्यांचे काम ठरलेले असते. मग ग्राहक म्हणतो, एवढे एक जोडून द्या. साहेब म्हणतात, तेवढ्याने काय होते? प्रत्येक मागणी लहान असते, म्हणून कोणीच नाही म्हणत नाही. मुदत तीच, माणसे तीच. काम मात्र दुप्पट. अखेरीस रविवारची उपासना जाते, घरी पत्र लिहिणे राहते, आणि मूळ कामही धड होत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे पैशाच्या बाबतीत आपण जाणतो; वचन देताना मात्र विसरतो.

पवित्र शास्त्र याविषयी मौन बाळगत नाही. निवासमंडपाच्या कामासाठी इस्राएल लोक रोज सकाळी स्वेच्छेने अर्पणे आणीत होते. बसालेल, अहलियाब व इतर कारागीर यांना काय बांधायचे ते ठाऊक होते. म्हणून हातातील काम थांबवून ते मोशेकडे गेले आणि गरजेपेक्षा अधिक आले आहे, असे त्यांनी सांगितले. मोशेने सगळ्या छावणीत तशी ताकीद पाठवली आणि लोकांना आवरले. हे नवल पाहा! अर्पण चांगले होते, देणारे भक्तिमान होते, काम तर साक्षात परमेश्वराचे होते. तरीही पुरे, असे म्हणण्यात अभक्ती नव्हती. देवाने दिलेला नमुना पूर्ण करणे हीच आज्ञा होती. त्यापलीकडचा मंडप देवाने मागितलाच नव्हता.

येथे कोणी विचारील, प्रभूने आपल्याला दुसरा कोस चालण्यास शिकवले नाही काय? (मत्तय ५:४१) होय, शिकवले. परंतु तो दुसरा कोस मी माझ्या पायांनी, माझ्या खुशीने चालायचा आहे. जो अधिकारी ग्राहकाला खूश करण्यासाठी हाताखालच्या माणसांच्या रात्री परस्पर देऊन टाकतो, तो दुसरा कोस दुसऱ्यांच्या पायांनी चालतो. त्याला औदार्य म्हणता येत नाही. आणि प्रियांनो, आपण स्वतःलाही तपासावे. आपले होय पुष्कळदा प्रीतीतून निघत नाही. ते भीतीतून निघते, किंवा माझ्यावाचून अडते, या अभिमानातून निघते.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दृष्टान्त प्रभूने शिष्यत्वाची किंमत समजावताना दिला. पण तो दाखला प्रामाणिक कारागिराच्या व्यवहारातूनच घेतलेला आहे. म्हणून नवी मागणी आली की नम्रपणे बसावे, हिशेब मांडावा आणि स्पष्ट सांगावे : हे जोडायचे तर मुदत वाढवावी लागेल, माणसे द्यावी लागतील, किंवा ठरलेल्यातील काही वगळावे लागेल, निर्णय आपण करावा. ठरले ते लिहून ठेवावे. यात उद्धटपणा नाही. आपले होय ते होय असावे, या आज्ञेचे हे पालन आहे.

मात्र असे बोलण्याची किंमत पडू शकते. नोकरीत नवख्या असलेल्याचा आवाज वरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आपल्यापैकी जे अधिकारपदावर आहेत त्यांच्यावर मोशेचे काम येते. कारागिरांनी सांगितले, परंतु छावणीला थांबवण्याचा अधिकार मोशेचा होता, आणि त्याने तो वापरला.

शेवटी प्रभूकडे पाहू या. वतनाची वाटणी करून देण्याची विनंती त्याने नाकारली (लूक १२:१३-१४). तो पित्याकडे जाण्यास निघाला तेव्हा देशात आजारी माणसे उरली होती, तरी पित्याने सोपवलेले काम पुरे केले, असे तो प्रार्थनेत म्हणू शकला (योहान १७:४). सर्वांचे सर्व काही करणे त्याच्यावर सोपवलेले नव्हते. मग ते आपल्यावर कसे असेल?

हे प्रभू, आमच्या वाट्याचे काम ओळखण्याची बुद्धी, ते शेवटास नेण्याचे बळ आणि पुरे म्हणण्याचे धैर्य आम्हांस दे. आमेन.