मुक्यांचं नाटक

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे जेवणं उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर पसरलो होतो. कुठल्याशा वाहिनीवर ‘माहेरची साडी’ लागला होता. पडद्यावर अलका कुबल रडत होत्या आणि इकडे माझी बहीण कुणाचं लक्ष नाहीसं बघून पदराने डोळे टिपत होती. एकोणीस वर्षांच्या भाचीने रिमोट उचलला. ‘‘आई, बास ना. किती मेलोड्रामॅटिक!’’ आणि आतल्या खोलीत जाऊन ती मोबाइलवर ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ बघायला बसली. तिसऱ्यांदा.

ज्यांना ही कोरियन मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दक्षिण कोरियातली गर्भश्रीमंत मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते, सीमेपलीकडे थेट उत्तर कोरियात जाऊन पडते आणि तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. मग सोळा भाग विरह, गोळ्या, योगायोग आणि अश्रू. मलाही ती आवडली, हे आधीच कबूल करून टाकतो. भाचीला विचारलं, ‘‘आणि हे गं काय?’’ ‘‘मामा, तुला नाही कळायचं. हा के-ड्रामा आहे!’’

गंमत अशी की, खुद्द कोरियात असल्या रडवणाऱ्या प्रसंगांना नाक मुरडायला ‘शिनपा’ असा शब्द आहे. तो गेला जपानमधून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नाटकांबरोबर; आणि त्याचा मूळ अर्थ ‘नवं घराणं’. एके काळी जे नवं म्हणून मिरवलं त्याचंच नाव पुढे जुनाट रडारडीला चिकटलं. शिव्यांचं आयुष्य असंच असतं.

आपल्याकडे ‘मेलोड्रामा’ हा शब्द आता शिवी म्हणूनच उरला आहे. ‘कुठेही मेलोड्रामा नाही’ हे वाक्य परीक्षणांतून आयएसआयच्या शिक्क्यासारखं मारलेलं असतं. चित्रपट संपल्यावर डोळे लाल झालेला माणूस जिना उतरताना शेजारच्याला म्हणतो, ‘‘चांगला होता, पण जरा मेलोड्रामॅटिक.’’ म्हणजे त्याला रडू आलं आणि आता त्याची लाज वाटते आहे. या शब्दाचा मला आजकाल एवढाच अर्थ लागतो.

शब्दाचा मूळ इतिहास भराभर सांगून टाकतो, कारण त्यात भांडणासारखं फारसं काही नाही. ग्रीक ‘मेलॉस’ म्हणजे संगीत, आणि त्याला जोडलेला ‘ड्रामा’ म्हणजे नाटक. रूसोचं ‘पिग्मॅलियन’ १७७० मध्ये रंगमंचावर आलं. त्यात बोलणं आणि वाद्यसंगीत आलटून पालटून येतं. क्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये पिक्सेरेकूरने या प्रकाराला बाजारपेठ मिळवून दिली. लंडनमध्ये तर कायद्यानेच हातभार लावला: निव्वळ संवादांचं नाटक करायचा परवाना मोजक्या थिएटरांकडे, त्यामुळे बाकीच्यांनी नाटकात संगीत घुसवून वेळ मारून नेली. १८४३ मध्ये ती मक्तेदारी गेली, पण तोवर गर्दीला चटक लागली होती. पुढे गिरणी कामगार आणि मोलकरणी ज्या नाटकांना जातात ती नाटकं हलकी, हे प्रतिष्ठितांनी ठरवून टाकलं. ते ठरलं ते ठरलंच.

एक गोष्ट मात्र जाता जाता उचलून ठेवतो. पिक्सेरेकूरच्या १८०० सालच्या ‘सेलिना’ या गाजलेल्या नाटकात एक महत्त्वाचं पात्र मुकं आहे. ज्याला सत्य ठाऊक आहे त्यालाच बोलता येत नाही. पीटर ब्रूक्स या अमेरिकन अभ्यासकाने (‘महाभारत’ करणारे पीटर ब्रूक वेगळे) १९७६ च्या पुस्तकात या मुकेपणावरच बोट ठेवलं. मेलोड्रामातल्या माणसांना सांगायचं पुष्कळ असतं आणि सांगायची सोय नसते. म्हणून हावभाव, सूर, वस्तू, योगायोग त्यांच्या वतीने बोलतात. आपण ज्याला अतिरेक म्हणतो तो बहुधा कुणाच्या तरी बंद तोंडाचा हिशोब असतो.

आता आपल्या अंगणात. आपल्याकडची रूढ कथा अशी: १८८० च्या ‘शाकुंतल’पासून संगीत नाटकांचा जमाना, मग गडकऱ्यांचे अश्रू, ‘एकच प्याला’, बालगंधर्वांची सिंधू. मग १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, बायकांची कामं बायका करू लागल्या, गाणी मोजकी झाली आणि वास्तववाद आला. १९३७ मध्ये शांतारामबापूंनी ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीतच काढून टाकलं आणि सिनेमातही वास्तववाद आला. पुढे ‘श्वास’, ‘कोर्ट’ वगैरे. म्हणजे आपण दर पिढीला थोडे थोडे शहाणे होत आलो आणि मागे राहिला तो ‘माहेरची साडी’ बघणारा अडाणी प्रेक्षक.

ही कथा मला मान्य नाही. तिच्यातला नेमका ‘कुंकू’चा सांधा चुकीचा बसवला आहे.

पण आधी ‘आंधळ्यांची शाळा’चंच बघा. नाटककार वर्तकांनी ते ज्या नॉर्वेजियन नाटकावरून घेतलं, त्या ब्यॉर्नसनच्या नाटकाचं नाव आहे ‘हातमोजा’. लग्नाआधी पुरुषाने काहीही करावं, बाईने मात्र पवित्र असावं, या न्यायाला विटलेली नायिका नियोजित वराच्या तोंडावर हातमोजा भिरकावते. वास्तववादाचं आगमन म्हणून आपण ज्याचे सोहळे करतो त्याच्या मुळाशी ही अशी भिरकावणी आहे! याहून मेलोड्रामॅटिक काय असतं?

त्या नाटकाचे संगीतकार केशवराव भोळे, आणि नटांमध्ये केशवराव दाते. दोघेही पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीत आले. ‘कुंकू’चं संगीत भोळ्यांचं, आणि त्यातले म्हातारे काकासाहेब म्हणजे दाते. माणसं तीच, म्हणून मन्वंतरही तेच, असं आपण धरून चाललो.

‘कुंकू’ आणि १८९९ चं देवलांचं ‘शारदा’ शेजारी ठेवून बघा. विषय एकच, पिकल्या केसांच्या नवरदेवाला दिलेली कोवळी मुलगी. ‘शारदा’त लग्न लागायचं आहे, आणि मुलीची घालमेल गाण्यांतून बाहेर पडते. ऐन मांडवात सगोत्र असल्याचं निघतं, भुजंगनाथाचं लग्न मोडतं, शेवटी तरुण कोदंड मिळतो. (आपल्यातल्या बऱ्याच जणांची समजूत असते की १९२९ चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून आला. तो आला अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावावरून. देवलांचं पुण्य थोर, पण तेवढं नाही.)

‘कुंकू’ जिथे सुरू होतो तिथे ‘शारदा’ची सुटका संपलेली आहे. लग्न लागून गेलं आहे. निरा नवऱ्याला नवरा मानायला नकार देते आणि त्याच घरात राहते. ‘कुंकू’ ज्या कादंबरीवरून घेतला त्या ना. ह. आपट्यांच्या कादंबरीचं नावच ‘न पटणारी गोष्ट’ आहे. आणि काकासाहेब वकील आहेत, हे विसरू नका. सारडा कायद्याने मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं; म्हाताऱ्यासाठी वरची मर्यादा काहीच नव्हती. म्हणजे काकासाहेबांचं लग्न शंभर टक्के कायदेशीर. निराने घर सोडावं, तर तिला परत जा असं सांगायला कोर्ट बसलेलं. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १८८७ मध्ये, रखमाबाईंना मुंबईच्या हायकोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सुनावलं होतं. पांढरपेशा घरातल्या निराला घटस्फोट मागायची सोय नव्हती. गाऱ्हाणं करावं तर कुणाकडे? अन्याय झाला आहे आणि कायदा मोडलेला नाही. हेच ते मुकेपण.

शांतारामांनी पार्श्वसंगीत काढलं ते इथे. चित्रपटात फक्त प्रसंगातले आवाज आहेत. गाण्यांनासुद्धा घरातल्याच, ग्रामोफोनसारख्या वस्तूंची साथ. निरा झालेली शांता आपटे त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, कारण तिला जे म्हणायचं आहे ते तिच्या घरच्या भाषेत म्हणता येत नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे. सूर काढून घेतल्यावर वस्तू बोलायला लागतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ काकासाहेबांचं वय मोजतं. आरसा त्यांना त्यांचा चेहरा दाखवतो आणि तो त्यांना सोसवत नाही. कपाळावरचं कुंकू तर चित्रपटाच्या नावातच जाऊन बसलं आहे. पहिल्यांदा पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या अंधाऱ्या सभागृहात ‘कुंकू’ बघितला तेव्हा त्या शांततेने मी इतका दबून गेलो की पुढच्या रांगेतल्या माणसाचा खोकला मला चित्रपटातलाच वाटला. याला संयम म्हणायचं असेल तर म्हणा. मला तो मेलोड्रामाचा सगळ्यात मोठा आवाज वाटतो. मेलॉस गेला आणि मेलोड्रामा दुप्पट झाला.

आता शेवट. ‘कुंकू’चं कौतुक करणारे इथे येऊन थबकतात. सगळा चित्रपट कसा संयत, पण काकासाहेबांचा पश्चात्ताप, ते पत्र, ती आत्महत्या, हे जरा नाटकी झालं, असं मी शिकल्यासवरल्या रसिकांकडून किती वेळा ऐकलं असेल! मीही विशीत हेच म्हणायचो, आणि वर मान वेळावायचो.

कायदा समोर ठेवून तो शेवट पुन्हा बघा. बायकोला नवऱ्यापासून मोकळं होता येत नव्हतं. विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं, १८५६ पासून. म्हणजे निराच्या घराला दार होतं एकच, आणि ते काकासाहेबांच्या मरणातून जात होतं. वकील माणसाला हे ठाऊक आहे. तो तिला मुलगी म्हणून बघायला लागतो, तिने दुसरं लग्न करावं असं म्हणतो, आणि त्यासाठी जे करणं भाग आहे ते करतो. योगायोग नाही, आकाशवाणी नाही. आपण ज्याला नाटकी म्हणतो तो त्या चित्रपटातला सगळ्यात कोरडा, हिशोबी, वास्तव प्रसंग आहे. नाटकी होती ती समाजाची व्यवस्था. बाईची सुटका म्हाताऱ्याच्या प्रेतावरूनच होईल अशी त्या व्यवस्थेची रचना होती.

म्हणून मी म्हणतो, ‘कुंकू’ने मेलोड्रामा संपवला नाही. मेलोड्रामा कशासाठी असतो ते आपल्याला पहिल्यांदा नीट दाखवलं.

पुढचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. ‘प्रभात’च्या त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर तिथे शिकवायला आले ऋत्विक घटक, मेलोड्रामाची बाजू उघडपणे घेणारे. त्यांच्या ‘मेघे ढाका तारा’मध्ये घरासाठी झिजणारी नीता काही बोलत नाही, आणि ध्वनिपट्टीवर चाबकाचा फटकारा उमटतो. तिकडे हॉलिवूडमध्ये डग्लस सर्कच्या १९५५ च्या एका चित्रपटात, आईने पुन्हा लग्न करू नये म्हणून मुलं तिला टीव्ही भेट देतात. बंद टीव्हीच्या काचेत तिचा एकटा चेहरा दिसतो. काकासाहेबांच्या आरशाची ती चुलतबहीणच.

मग रोजच्या मालिका? सासूने एक वाक्य म्हटलं की तीन चेहरे, तीन धडाम? त्यांना मेलोड्रामा म्हणू नका, एवढीच हात जोडून विनंती. तिथे कुणी मुकं नसतं. प्रत्येक जण मनातलं मोठ्याने बोलतो, पुन्हा बोलतो, आणि उद्याच्या भागाच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा बोलतो. आणि ‘माहेरची साडी’? तो मला चांगला चित्रपट वाटत नाही. सासरची माणसं कोळशाने रंगवलेली, सोसणं हाच सद्गुण. पण १९९१ मध्ये आमच्या तालुक्याच्या थिएटरात मी दहा वर्षांचा, आई आणि दोन मावश्यांमध्ये दाबून बसलो होतो, तेव्हा भोवतीच्या बायका पडद्यावरच्या सासूला मोठमोठ्याने शिव्या घालत होत्या. घरी गेल्यावर त्यांतली एकही तसं बोलू शकणार नव्हती. त्या तीन तासांची किंमत मला तेव्हा कळली नाही.

बरोबर पंचवीस वर्षांनी ‘सैराट’ आला. त्याच्या शेवटी नायिका आर्चीचा भाऊ आईने पाठवलेल्या भेटी घेऊन तिच्या दारात येतो. माहेरचा आहेर येतो, आणि त्यानंतर नागराज मंजुळे आवाज काढून घेतात. अजय-अतुलच्या वाद्यमेळाने दोन-अडीच तास दणाणून सोडलेल्या चित्रपटात बोलता न येणारं एक मूल रक्ताची पावलं उमटवत चालत जातं. लोक याला वास्तववाद म्हणाले. मला थेट ‘कुंकू’ आठवला.

मागच्या महिन्यात भाची पुण्याला आली होती. मी तिला ‘कुंकू’ दाखवला. अर्ध्यात मोबाइल बाजूला ठेवला, हे विशेष. संपल्यावर ती जरा चिडूनच म्हणाली, ‘‘पण मामा, म्हाताऱ्याने मरायची काय गरज होती? तिने सरळ डिव्होर्स का नाही घेतला?’’

मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ मध्ये. ‘कुंकू’ला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती.