ख्रिस्ती शेजाऱ्याची प्रार्थना कोण ऐकतो?

मुंबईत माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना होते. ही प्रथा १९४८ पासूनची. त्या दिवशी चर्चबाहेर लागणाऱ्या गर्दीत केवळ ख्रिस्ती नसतात; हिंदू असतात, पारशी असतात आणि आपल्या घरांतील माताभगिनीही असतात. हे आपण सारे जाणतो. मात्र त्याविषयी बोलताना आपल्यात दोनच सूर निघतात. एक म्हणतो, तिथे मागितलेले मिळते. दुसरा म्हणतो, ते सगळे थोतांड आहे. दोन्ही सूर मूळ प्रश्नाला बगल देतात. ख्रिस्ती माणूस प्रार्थना करतो म्हणजे नेमके काय करतो? आणि आपल्या प्रार्थनेला उत्तर मिळाले असे तो सांगतो, तेव्हा ते उत्तर कोणाचे असते?

हा प्रश्न माझ्याकडे आणला तो एका पित्याने. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होता. शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती मुलगी होती. तिची आजी बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसे आणि हा तिच्यापासून दोन हातांवर तसबीह घेऊन. मुलगी बरी होऊन घरी गेली. मुलगा वाचला नाही. काही आठवड्यांनी असरच्या नमाजनंतर तो मशिदीत थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "मौलाना, त्यांचे ऐकले गेले, माझे का नाही? की त्यांचीच वाट खरी?"

अशा माणसाला घाईने उत्तर देऊ नये. आधी त्या आजीची जपमाळ समजून घेतली पाहिजे.

ख्रिस्ती प्रार्थनेचा कणा म्हणजे 'प्रभूची प्रार्थना'. बायबलच्या मत्तय आणि लूक या शुभवर्तमानांनुसार ती हजरत ईसा (अ.) यांनी आपल्या शिष्यांना शिकवली. ती लहान आहे, लहान मुलालाही पाठ होते. तिच्यात आधी ईश्वराच्या नावाचे पावित्र्य, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांचा उच्चार येतो. आजची भाकर, अपराधांची क्षमा आणि मोहापासून संरक्षण हे मागणे त्यानंतरचे. आपल्या सूरह अल-फातिहाची रचना ज्याने मन लावून पाहिली आहे, त्याला हा क्रम परका वाटणार नाही. तिथेही आधी स्तुती आहे आणि मग याचना. क्षमेच्या मागणीला तर त्या प्रार्थनेत एक अट जोडलेली आहे. मागणाऱ्याने स्वतःच्या अपराध्यांना क्षमा केलेली असावी. दुसऱ्याचे दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह झाकतो, ही हदीस आपण मिंबरवरून ऐकतोच.

साम्य इथवर आहे. पुढे वाट वेगळी होते आणि सौजन्यापोटी हे झाकण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती माणूस ईश्वराला पिता म्हणतो आणि ईसांच्या नावाने मागतो. त्याच्या श्रद्धेनुसार ईसा हे ईश्वराचे पुत्र आणि मानव व ईश्वर यांच्यामधले मध्यस्थ आहेत. आपण ईसांना अल्लाहचे दास आणि प्रेषित मानतो, त्यांच्या मातेला पवित्र मानतो आणि तिथे थांबतो. दासाने हाक मारावी आणि अल्लाह जवळच असावा, असे सूरह अल-बकराच्या १८६व्या आयतीत सांगितले आहे. मध्ये कोणी नाही. कॅथलिक लोक मरियम आणि संतांना हाक मारतात, पण त्यांना विचारले तर ते सांगतात की आम्ही त्यांची उपासना करत नाही, फक्त आमच्यासाठी रदबदली करण्याची विनंती करतो. प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांना हेही मान्य नाही. या बाबतीत ते आपल्या अधिक जवळचे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय आणि मेणाची घरे वाहिली जातात. ते पाहून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याकडच्या दर्ग्यांच्या जाळीला बांधलेले धागेही मोजावेत. नवसाने नशिबातले काही बदलत नाही, नवसामुळे फक्त कंजुषाच्या हातून काही निघते, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

मराठीत आपण म्हणतो, देव नवसाला पावला. हे 'पावणे' फार बोलके क्रियापद आहे. मागितलेली वस्तू हाती आली तरच देव पावला, नाहीतर तो कुठेतरी वाटेतच राहिला. आपल्या दुआवरही या भाषेची छाया पडली आहे. 'दुआ कबूल झाली' याचा अर्थ आपण 'काम झाले' असाच करतो. अरबी शब्द मात्र 'इस्तिजाबत' आहे. त्याचे मूळ 'जवाब' याच शब्दाशी जोडलेले आहे. जबाब देणे आणि वस्तू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुकूतून उठताना आपण म्हणतो की, अल्लाहने त्याची स्तुती करणाऱ्याचे ऐकले. त्या क्षणी आपण काही मागितलेलेही नसते.

जबाब आणि वस्तू यांतला हा फरक ख्रिस्ती परंपरेलाही ठाऊक आहे, आणि तिथे तो फार वेदनेतून आला आहे. बायबलमध्ये पौलाच्या एका व्यथेचा उल्लेख आहे. ती दूर व्हावी म्हणून त्याने तीन वेळा याचना केली. व्यथा गेली नाही. ईश्वराची कृपा तुला पुरेशी आहे, एवढेच त्याला कळले. त्याहून मोठा प्रसंग गेथशेमाने बागेतला आहे. शुभवर्तमानांनुसार ईसांनी अटकेच्या रात्री तिथे विनवणी केली की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळावा. त्यालाच जोडून, माझी नव्हे, तुझी इच्छा पूर्ण होवो, असेही ते म्हणाले. ख्रिस्ती श्रद्धेनुसार प्याला टळला नाही. म्हणूनच ज्याचे मूल दगावले आहे असा ख्रिस्ती माणूस त्या बागेकडे पाहतो. खुद्द ईसांची मागणी जशीच्या तशी मान्य झाली नाही, तर माझे काय? आणि तरीही ते एकटे सोडले गेले नाहीत, तर मीही सोडला गेलेलो नाही. त्याचे समाधान या विचारात आहे.

आपली श्रद्धा इथे मुळातच वेगळी आहे. सूरह अन-निसाच्या १५७ आणि १५८ या आयतींनुसार ईसा (अ.) ना मारले गेले, ना सुळावर चढवले गेले, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. म्हणजे आपल्या दृष्टीने प्याला खरोखरच टळला. बायबलमधील इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, मरणातून वाचवू शकणाऱ्याला ईसांनी अश्रू ढाळत हाक मारली आणि त्यांचे ऐकले गेले, असा उल्लेख आहे. आपले काही वादपटू हे वचन हाती घेऊन ख्रिस्ती माणसाला कोंडीत पकडू पाहतात. मला त्यात रस नाही. ख्रिस्ती भाष्यकार सांगतात की 'ऐकले' म्हणजे मृत्यू टाळला असे नव्हे, मृत्यूनंतर त्यांना उठवले असे. आपण हा अर्थ स्वीकारत नाही. पण त्यांचा हा आग्रह लक्षात घेण्याजोगा आहे. ऐकले गेले याचा पुरावा ते मागितलेली वस्तू मिळण्यात शोधत नाहीत.

महाराष्ट्रात याचे एक जिवंत उदाहरण होऊन गेले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये अन्नवस्त्राची गरज ईश्वर भागवील अशा भरवशावर त्या जगल्या, आणि मुली जगल्याही. आपल्या प्रार्थनांना उत्तर मिळाले, असे रमाबाई म्हणत. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्या कामात त्यांचा उजवा हात होती, पुढे सारे सांभाळील अशी होती. १९२१ साली ती आईच्या आधी गेली. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल, असे कोण म्हणेल? मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणण्याचे काम त्या तेव्हा करत होत्या. ते त्यांनी सोडले नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या वारल्या. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. या शेवटच्या वर्षाविषयी त्या मानाने कमी.

प्रार्थनेची परीक्षा घेण्याचाही प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती प्रार्थना-गटांनी ठरावीक रुग्णांसाठी प्रार्थना केली. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना नक्की ठाऊक नव्हते, अशांपैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात तर हे प्रमाण ५९ टक्के होते. नास्तिकांना आनंद झाला, आस्तिक गोंधळले. मला दोघांचेही नवल वाटते. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली नाही असा दुसरा गट या अभ्यासात होता. पण त्या रुग्णांच्या आया घरी गप्प बसल्या होत्या काय? शिवाय ईश्वराची परीक्षा पाहू नये, हे तर ईसांनीच सैतानाला सुनावल्याचे बायबल सांगते. बटण दाबल्यावर दिवा लागावा तसे दुआचे नाही.

आता त्या पित्याचा प्रश्न. आजीचे ऐकले कोणी? एकेश्वरत्व मानणाऱ्यापुढे याचे उत्तर एकच आहे. ऐकणारा दुसरा कोणी नाहीच. सेंट मायकेलच्या रांगेतील कोणाची इच्छा पूर्ण झाली असेल, तर ती अल्लाहनेच पूर्ण केली, मग मागणाऱ्याने श्रेय कोणालाही देवो. त्याच कारणाने आपल्या भगिनींनी तिथे जाण्याचीही गरज उरत नाही. वादळात सापडलेल्या नावेतले लोक निर्मळ मनाने अल्लाहलाच हाक मारतात आणि तो त्यांना किनाऱ्याला लावतो, असे कुरआनात पुन्हा पुन्हा आले आहे. ते लोक मुस्लिम नव्हते, आणि किनाऱ्याला लागताच ते पुन्हा आपल्या मूर्तींकडे वळणार हेही अल्लाहला ठाऊक होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मुआज (रजि.) यांना येमेनला पाठवताना सांगितले की, तुम्ही ग्रंथधारकांकडे जात आहात, आणि पीडिताच्या हाकेला भिऊन असा, तिच्या आणि अल्लाहच्या मध्ये पडदा नसतो. ज्या भूमीत ही सूचना लागू होणार होती, तिथे ज्यू होते, ख्रिस्ती होते. पडदा नाही, हे त्यांच्या हाकेविषयीही सांगितले गेले.

मग त्यांचीच वाट खरी ठरते काय? नाही. इब्लीसने कयामतपर्यंत मुदत मागितली आणि ती त्याला मिळाली. मागितलेले मिळणे हे श्रद्धा बरोबर असल्याचे प्रमाणपत्र असते, तर त्याच्याइतका मोठा प्रमाणपत्रधारक दुसरा नसता. मुस्लिमेतराची दुआ स्वीकारली जाते असे म्हणावे की नाही, यावर हनफी ग्रंथांत मतभेद नोंदलेला आहे. पण मिळाले म्हणून धर्म खरा असे कोणीच म्हटलेले नाही. आणि न मिळणे हे नाकारले गेल्याचे लक्षण नाही. पैगंबरांनी (स.) एकदा अल्लाहकडे तीन गोष्टी मागितल्या. दोन मिळाल्या. माझ्या उम्मतने आपसात लढू नये, ही तिसरी मिळाली नाही. याहून मोठा मागणारा कोण होता?

त्या पित्याला मी आणखी एक प्रसंग सांगितला. पैगंबरांचा (स.) इब्राहीम नावाचा मुलगा दूध पिण्याच्या वयात त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. ते रडले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. एखाद्या दुःखी बापाला हे ऐकून किती दिलासा मिळाला असता! पण त्यांनी सर्वांसमोर सांगितले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. आकाश काळवंडले त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच्या घराशी जोडू दिला नाही. शेजारची खाट रिकामी झाली, मुलगी चालत घरी गेली, त्याचा अर्थ आपण आपल्या घराशी का जोडावा? ते तिच्या आयुष्याचे प्रकरण होते.

मुसनद अहमदमध्ये अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपल्याला ठाऊक आहे. ज्या दुआत पाप किंवा नातेसंबंध तोडणे नाही, ती वाया जात नाही. मागितलेले इथेच मिळते, किंवा ते आख़िरतसाठी राखून ठेवले जाते, किंवा तेवढेच एखादे संकट टळते. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "यांतले माझे कोणते?" मी म्हणालो, ते सांगण्याचा अधिकार मला नाही. तो काही वेळ बसून राहिला आणि मग वुजू करायला उठला.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. वसईत, वांद्र्यात, पुण्याच्या कॅम्पात आपली घरे ख्रिस्ती घरांना लागून आहेत. 'तुमच्या अम्मीसाठी आम्ही प्रार्थना करतो' असे शेजारीण दाराशी येऊन म्हणते, तेव्हा काही तरुण गडबडतात आणि धर्मचर्चा सुरू करतात. तिचे आभार मानावेत, अल्लाह तुमच्याही घरी आरोग्य देवो असे म्हणावे. तिच्या घरी आजार असेल तेव्हा विचारपूस करायला जावे, पैगंबर (स.) स्वतः एका आजारी ज्यू मुलाला भेटायला गेले होते. तिच्या उपासनेत सामील व्हायचे नाही आणि ईसांना (अ.) पुत्र म्हणणाऱ्या शब्दांवर आमीन म्हणायचे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे आणि बहुधा तिलाही ठाऊक असते. तिच्या रुग्णाला बरे वाटावे अशी दुआ आपण आपल्या घरी, आपल्या मुसल्ल्यावर करू शकतो.