देवमाणसाच्या घरातली मुलगी

चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘पर्पल हिबिस्कस’ ही पहिली कादंबरी २००३ साली आली. ती सांगते पंधरा वर्षांची कांबिली. नायजेरियातल्या एनुगू शहरात तिचे वडील यूजीन म्हणजे देवमाणूस. स्वतःचे कारखाने, स्वतःचे वर्तमानपत्र. लष्करी राजवटीपुढे बाकीचे मान तुकवतात तेव्हाही हे छापायचे ते छापते. गावी गेले की दारात मदत मागणाऱ्यांची रीघ लागते आणि चर्चमध्ये पाद्री प्रवचनात त्यांचे गुण गातात. हा माणूस घरी बायकोमुलांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारतो. किशोरांसाठीच्या किंवा किशोरांविषयीच्या कादंबऱ्यांत मारकुटा बाप नवा नाही. पण तो बहुधा दारुडा, कर्जबाजारी, सगळ्या आळीला माहीत असलेला असतो. वाईट माणूस वाईट वागतो, एवढी सोय वाचकाला मिळते. अदिचींनी ती सोय काढून घेतली. शिवाय मुलीचे वडिलांवरचे प्रेम शेवटपर्यंत शाबूत ठेवले. या दुसऱ्या गोष्टीमुळेच ही कादंबरी खरी ठरते, असे मला वाटते. ‘अहो, पण त्यांचे मुलांवर प्रेम आहे ना?’ हा आपला नेहमीचा प्रश्न तिच्यापुढे टिकत नाही.

प्रेम तर आहेच. कांबिलीचा भाऊ जाजा दहा वर्षांचा असताना धर्मशिक्षणाच्या परीक्षेत त्याची दोन उत्तरे चुकली आणि पहिला नंबर हुकला. वडिलांनी त्याला वर नेऊन दार लावून घेतले. तो बाहेर आला तो डाव्या हाताला उजव्याने आधार देत, रडत. करंगळी कायमची वाकडी झाली. त्याला उचलून गाडीपर्यंत नेणारे वडीलही रडत होते. उजव्या हाताला मात्र त्यांनी धक्का लावला नव्हता. तो लिहिण्याचा हात. एवढ्या एका तपशिलात ‘राग अनावर झाला’ ही सबब मोडीत निघते. संतापाने भान हरपलेला माणूस कोणता हात वाचवायचा याचा हिशेब करत नाही. पुढे मूर्तिपूजक आजोबांसोबत एका घरात राहिल्याबद्दल मुलीच्या पायांवर ते उकळते पाणी ओततात, तेव्हाही सावकाश ओततात आणि तेव्हाही रडतात. हे अश्रू खोटे आहेत असे कादंबरी कुठेही म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की बापाला इतके माणसासारखे रंगवणे म्हणजे त्याची वकिली करणे. लहानपणी मिशनमधल्या एका पाद्र्याने यूजीनचेच हात गरम पाण्यात बुडवले होते, हेही कादंबरी सांगते; मग दोष कुणाचा? पण ही हकीकत यूजीन मुलीला कशी सांगतो ते पाहावे. तक्रार म्हणून नव्हे. ते आपल्या भल्यासाठीच होते, असा त्याचा विश्वास आहे. ‘मार खाल्ला म्हणून तर घडलो’ हे वाक्य आपल्याकडेही अभिमानाने ऐकवले जाते. कारण कळल्याने गुन्हा पुसला जात नाही. तो पुढच्या पिढीकडे कोणत्या वाटेने जातो एवढे दिसते. उलट, बापाला राक्षस केले की ज्या मुलाचे वडील मारतात आणि संध्याकाळी खाऊही आणतात, त्याला त्या पुस्तकात आपले घर सापडतच नाही. आपला बाप राक्षस नाही, मग चूक आपलीच असणार, असे ते धरून चालते.

मराठी वाचक इथे ‘श्यामची आई’ पुढे करील, आणि ते रास्तच आहे. पोहायला भिणाऱ्या श्यामला आईने शिंपटीने मारत विहिरीकडे पिटाळले होते, आणि नंतर त्याचे वळ पाहून तीही कळवळली. मारणारा हात आणि कुरवाळणारा हात एकच, म्हणजे वरवर पाहता यूजीनच. (१९३५ च्या पुस्तकातले प्रेम खरे, म्हणून त्यातली शिंपटी आज चालेल असे मात्र नाही.) फरक प्रेमाच्या मापात नाही. श्याम रुसतो, हट्ट करतो, आईला प्रश्न विचारतो आणि मोठेपणी मित्रांना हे सगळे मोकळेपणी सांगतो. कांबिलीचे शब्द घशातच अडकतात. वर्गातल्या मुली तिला शिष्ट समजतात. शाळा सुटताच ती धावत सुटते ते गाडीला उशीर झाला तर वडील काय करतील या धास्तीने, हे त्यांना कुठून कळणार? न्सुक्काला इफेओमा आत्याकडे पैशाची चणचण, पाण्याची टंचाई. पण पोरे जेवताना आईशीही वाद घालतात. पालेभाजी निवडताना आतेबहीण टोमणा मारते आणि कांबिली खाली मान घालते, तेव्हा आत्या तिच्यावरच ओरडते: तोंड नाही का तुला? त्यावर ती पहिल्यांदा उलट बोलते, भाजी कशी निवडायची ते मला दाखव, एवढेच. मूल घरात सुरक्षित आहे की नाही, याची कसोटी मला या प्रसंगात दिसते: त्याला न घाबरता उलटे बोलता येते का?

दुसरा आक्षेप पालकांचा: असली पुस्तके मुलांना आईबापांविरुद्ध फितवतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचे त्यात आढळले, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी जवळपास ८९ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. मुलांना ठाऊक नसलेले असे कादंबरी काय सांगणार? ती सांगते ते मोठ्यांविषयी. मारानंतर शोकेसमधल्या बाहुल्या मुकाट पुसणारी आई, स्तुती करणारा पाद्री, गप्प राहिलेले सगळे. अखेर आईच नवऱ्याच्या चहात विष कालवते, जाजा तो गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात जातो, आणि कांबिली मेलेल्या वडिलांसाठी अजून प्रार्थना करवते. वेळेवर कुणी बोलले असते तर हे तिन्ही टळले असते.

शाळेतल्या छडीवर आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आली. घरातल्या माराला तशी स्पष्ट बंदी नाही, नेपाळने मात्र ती २०१८ मध्ये घातली. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी हे पुस्तक अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाताशी ठेवावे, आणि मुलांच्या मदतीसाठीचा मोफत क्रमांक, १०९८, त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावा.