यादी मागू नकोस

सावेडी, अहिल्यानगर

चि. मनू,

तुझा निरोप मिळाला. कृषी विद्यापीठात बस्तान बसलं, मेसच्या आमटीला नावं ठेवून झाली, म्हणजे सगळं ठीक चाललंय. शेवटची ओळ तेवढी खटकली. वाचायलाच हवीत अशा पन्नास पुस्तकांची यादी तुला हवी आहे. ती मी पाठवणार नाही. असल्या याद्या ढिगाने फिरतात आणि सगळ्यांत तीच दहा-बारा नावं असतात. ती पुस्तकं वाईट नाहीत, पण यादीतलं पुस्तक माणूस नावापुढे खूण करण्यासाठी वाचतो. शिवाय पुस्तक हुडकण्यात जी मजा आहे ती वाचण्याच्या मजेपेक्षा कमी नाही, झालीच तर काकणभर जास्त. ती तुझ्या वाट्यातून मी का काढून घेऊ?

हुडकायचं कसं, एवढं मात्र सांगतो.

हातातल्या पुस्तकातच पुढच्या पुस्तकाचा पत्ता असतो. तुम्ही पोरं अर्पणपत्रिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश सरसकट उलटून टाकता. नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' घे. 1944 साली ते आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं गेलं, हे नगरातलं शाळकरी पोरही सांगेल. पण ते अर्पण केलंय किल्ल्यातल्या सोबतच्या कैद्यांना, आणि प्रस्तावनेत मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली यांची नावं आहेत. त्यातल्या आझादांचं बोट धर. त्याच तुरुंगात बसून ते आपल्या शेरवानी नावाच्या स्नेह्याला पत्रं लिहीत होते. टपालात टाकायची सोय नव्हती, तरी लिहीत होते. 1946 मध्ये त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. त्यात काय आहे? भल्या पहाटे स्वतः करून घेतलेला चहा आहे, आणि खोलीत घुसखोरी करणाऱ्या चिमण्यांशी मांडलेलं भांडण आहे. उर्दू लिपी येत नसेल तर देवनागरीतली प्रत शोध. काँग्रेसचा अध्यक्ष म्हणून इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींत उरकलेला माणूस एवढा मिस्कील लेखक निघतो, हे यादीने कळलं असतं का? आणि त्याच नावांतले नरेंद्र देव किल्ल्यात बौद्ध दर्शनावर लिहीत होते. ती वाट चढणीची आहे, आत्ताच नको.

तू राहुरीत आहेस, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' न वाचायला तुला सबब नाही. तिथले त्यांचे दिवस त्यात आहेतच. पण मी सांगतोय ते निराळं. वाचता वाचता नगरच्या टिळकांच्या घरात ठोमरे नावाचा एक तरुण वावरताना दिसेल, लाडाकोडाचा आणि हट्टी. तो बालकवी. शाळेत त्यांची कविता पाठ करून तू मार्क मिळवलेस, आता या घरातून त्यांच्याकडे जाऊन बघ, तीच कविता निराळी लागेल. तिथूनच रेव्हरंड टिळकांकडे जाता येतं, आणि त्यांनी ज्याचं संपादन केलं त्या 'ज्ञानोदया'कडेही. 1842 साली इथे नगरातच सुरू झालेलं पत्र आहे ते.

आणखी मागे जायचं असेल तर तुझ्याच तालुक्यात ताहाराबाद आहे, महिपतींचं गाव. 'भक्तविजय' 1762 चा. मला महिपती आवडतात त्याचं एक कारण भक्तीशी संबंध नसलेलं आहे. हा माणूस आपला माल कुठून आणला ते लपवत नाही. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांची नावं घेऊन सांगतो. हल्लीच्या काही विद्वानांना हे जमत नाही.

आता नगरला येशील तेव्हा जिल्हा वाचनालयात जा. 1838 सालची संस्था आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. तिथे किंवा कुठल्याही जुन्या वाचनालयात टेबलाशी जाऊन नाव सांगून पुस्तक मागू नकोस. कपाटांपाशी उभं राहू देता का, ते गोड बोलून विचार. मग पुस्तक काढून शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघ. एखाद्या चिठ्ठीवर आठवड्या-आठवड्याला शिक्के पडलेले असतात आणि मग एकाएकी काहीच नाही. एके काळी लोकांनी नंबर लावून वाचलेला तो लेखक. असं पुस्तक घरी आण. यातले पुष्कळ लेखक विसरले गेले ते योग्यच झालं, हेही तुला कळेल. पण अधूनमधून एखादा असा सापडतो की त्याला लोक विसरलेच कसे, याचं नवल वाटत राहतं.

रद्दीच्या दुकानात जायचं तर दिवाळीच्या आधी, घरोघरी साफसफाई निघते तेव्हा. माळ्यावरचे गठ्ठे सुतळीसकट तराजूवर येतात. कुणा मास्तरांची आयुष्यभराची पुस्तकं मुलांनी किलोवर घातलेली दिसतात. वाईट वाटतं, पण त्यांनी निदान जाळली नाहीत, असं म्हणून हात घालायचा. पुस्तक घेण्याआधी पानं मोजून घे. जुनी पुस्तकं सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेली असतात; हरवतो तो आख्खा फर्मा, नाहीतर एकच दोनदा बांधलेला असतो. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी पुष्कळदा बारीक आकडा छापलेला असतो, ते आकडे ओळीने आहेत ना बघितलं की दोन मिनिटांत काम होतं. कसरीची भोकं चालतील. वाळवीची माती दिसली तर फुकट दिलं तरी घरात आणायचं नाही. आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नकोस; रद्दीवाल्याला तू आवडलीस तर पुढच्या वेळी तो गठ्ठा फोडायच्या आधी तुला बोलावेल.

तिथे पहिल्यांदा दिवाळी अंक उचलायचे. काशिनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नवा लेखक भेटायची ही सर्वांत स्वस्त जागा आहे. एका अंकात पंधरा-वीस माणसं भेटतात. कुणाची पहिली कथा असते, कुणाची शेवटची. ज्याचं नाव कधी ऐकलं नाही त्याच्यापासून सुरुवात करायची, नामवंतांना शेवटी वाचायचं. एखादी कथा रुतली की लेखकाचं नाव टिपून ठेव आणि मग खुशाल फोन काढ. नाव माहीत असलं की फोन कामाचा. नाव माहीत नसेल तर तो तुला कालच्याच लेखकाच्या दारात नेऊन सोडतो.

नव्या पिढीचे म्हणशील तर जिल्हा सोडायचीही गरज नाही. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार, 1978 चं 'बलुतं'. संगमनेरच्या कॉलेजात पूर्वी पदार्थविज्ञान शिकवणारे रंगनाथ पठारे, 'ताम्रपट'साठी 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार. 'ताम्रपट' जाडजूड आहे, सुट्टीत घे. 'बलुतं' पातळ आहे म्हणून बसमध्ये वाचायला घेऊ नकोस, उतरायचा थांबा चुकेल.

(ही यादी झाली म्हणून हसू नकोस. पन्नास नाहीत.)

आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यात सोडायला लाजायचं नाही. मात्र लेखकाला एकाच पुस्तकावरून मोडीत काढू नकोस, दुसरं एखादं चाळ आणि मग ठरव. आणि घेतलेली सगळी वाचून संपली पाहिजेत असा धाक स्वतःला घालू नकोस. तुझी मामी माझ्या कपाटाकडे बघून हेच विचारत असते, तिला मी वेगळं उत्तर देतो.

मागच्या मे महिन्यात 'सत्यकथे'चे दोन अंक नेलेस ते परत आण. ते मासिक 1982 मध्ये बंद पडलंय, पुन्हा मिळायचे नाहीत.

तुझा
मामा