बाटलीवरील चिठ्ठीची साक्ष

सीबीडी बेलापूर येथील आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंनी मधुमेहाची रोजची गोळी सोडून एक चूर्ण घेण्यास आरंभ केला. डब्यावरील चिठ्ठीत रोग मुळासकट जाईल असे वचन होते. काही आठवड्यांत पायाची जखम चिघळली व त्यांना इस्पितळात न्यावे लागले. त्या म्हणाल्या, "छापलेले होते, म्हणून खरे वाटले." या वाक्याने आम्हांस विचारात पाडले.

औषध मुके असते. त्याच्या वतीने चिठ्ठी बोलते. म्हणून चिठ्ठी ही साक्ष होय, आणि ती दोन प्रकारे खोटी असू शकते. आत काय आहे हे खोटे सांगणे, हा पहिला प्रकार. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरॉल म्हणून दिलेल्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले व १४ रोगी दगावले. असे खोटे रसायनशाळेत पकडता येते.

दुसरा प्रकार वचनाचा. अमेरिकेत १९०६ साली खोट्या चिठ्ठ्यांविरुद्ध कायदा झाला. परंतु १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, तो कायदा घटकद्रव्यांपुरता आहे, गुणाच्या बढाईस लागू नाही. खटला कर्करोगाच्या औषधाचा होता! पुढच्याच वर्षी कायदा सुधारावा लागला. तरी फसविण्याचा हेतू सिद्ध करणे भाग होते. आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग, अपस्मार इत्यादी रोग बरे करण्याच्या जाहिरातींनाच मनाई केली. ती जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्यात दोषी धरला आहे.

कोणी म्हणेल, विकणाऱ्याचा स्वतःचा विश्वास असेल तर तो लबाड कसा? आमचे उत्तर असे: जे आपण पारखले नाही, ते पारखल्यासारखे सांगणे हीच खोटी साक्ष. पुष्कळ दुखणी आपोआप बरी होतात आणि श्रेय बाटलीला मिळते. अशा श्रेयावर दुसऱ्याचा जीव टांगणे न्यायाचे नव्हे. आशा विकणे हा अपराध नाही, असेही म्हणतात. परंतु खोट्या आशेची किंमत रोगी पैशाने नव्हे, तर उपचाराच्या गेलेल्या दिवसांनी देतो, आणि ते दिवस कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

सरकारने अपराध्यास शिक्षा करावी, हे योग्यच. पण "मला गुण आला, तुम्हीही घ्या" असे शेजाऱ्यास सांगणाऱ्या आपल्या जिभेवर कोणता अधिकारी पहारा देईल? वाचकहो, त्या बाईंना ते चूर्ण प्रथम सुचविले होते एका प्रेमळ शेजारणीने. तिचा हेतू चांगला होता. तरीही आपण काही सांगण्यापूर्वी थांबून विचारावे: हे मला ठाऊक आहे, की केवळ वाटते?