शेठला 'हो' म्हणण्याआधी

 

श्रावण सरत आला की आपल्या लिंबायत-उधन्याच्या गल्ल्यांत साड्यांचे गठ्ठे येऊ लागतात. धागा कटिंग, लेस, खडे चिकटवणं, सगळं नगावर. दादा लूमवर बारा तासांच्या पाळीला, आणि ताईंकडे स्वयंपाक, मुलांची शाळा नि वर हे काम. मग गुरुवारी आरतीनंतर प्रश्न ठरलेला: "ताई, नामाला वेळ कुठून आणू?"

अशा वेळी आपण सावता माळ्यांचं नाव घेतो. ते मळ्यातच विठ्ठल बघत राहिले, म्हणून आजही आषाढात पांडुरंगाची पालखी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणला त्यांच्या भेटीला जाते. पण एक लक्षात घ्या. सावतोबांनी साऱ्या अरणचे मळे अंगावर घेतले, असं काही कुणी सांगत नाही!

आपल्या हातून दिवसाला 25 साड्या होतात आणि शेठ चार दिवसांत 200 मागतो. आपण "हो" म्हणतो. तो शब्द असतो, आणि दिला तेव्हाच तो खोटा असतो. मग नववीतली मुलगी रात्री एकपर्यंत खडे चिकटवते, माल उशिरा जातो, मजुरी कापली जाते ती वेगळीच. त्यापेक्षा एक दिवस घड्याळ लावून बघा. स्वयंपाक, पाणी, दुपारची पाठ टेकणं वजा करून खरे नग किती होतात? तेवढेच बोला.

"शेठ काम दुसरीला देईल." देईलही कधी. ही भीती खोटी नाही, दिवाळीचा किराणा त्यावरच येतो. म्हणून गल्लीतल्या चौघींनी मिळून गठ्ठा घ्यावा, वहीत नावापुढे नग लिहावेत. जनाबाईंबरोबर देव दळायला बसायचा म्हणतात. आपल्या घरी जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोण बसतं? दादा रात्रपाळीहून आले तर झोपू द्या. पण सुट्टीच्या दिवशी पाणी भरतील की. आणि मदतीला दर वेळी मुलीलाच का हाक मारायची? मुलालाही वरण-भात येऊ द्या.

राहिलं नाम. खडे लावताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. तिथे नाम घ्या, मोबाईल लांब ठेवा. नग मोजताना मात्र नाम नको, हिशेब चुकतो.

येत्या गुरुवारी आपापला रोजचा आकडा लिहून आणा. आरतीनंतर गल्लीप्रमाणे बसून चौघी-चौघींचे गट ठरवू.